समुपदेशनापलीकडची वाट

'मॅडम, एम.ए. सायकॉलॉजी झालंय. आता पुढं काय करू?'

हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी येतो. कधी फोनवर, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीकडून. गेली बावीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला येणारच. गंमत म्हणजे विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं. 'काउन्सेलिंग सेंटर काढू का?'

काढा की! काम चांगलं आहे, गरजेचं आहे. मात्र त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. शिवाय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. नुसत्या एम.ए.वर तशी पाटी लावता येत नाही, हे आधी सांगून टाकते.

पण मैत्रिणींनो, मानसशास्त्र म्हणजे फक्त समुपदेशन नव्हे. मनाच्या अभ्यासाची आणखी एक मोठी वाट आहे, ती म्हणजे संशोधनाची. ह्या वाटेबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही. आणि इथं एक अशी गोष्ट आहे, की उशीर झाला तर एक दार खरोखरच बंद होतं. म्हणून आजचा लेख.

हे असतं तरी काय?

एक साधा खेळ करून बघा. लेकीच्या चित्रकलेच्या वहीत हिरव्या स्केचपेननं 'लाल' असं लिहा. निळ्यानं 'पिवळा' लिहा, लाल रंगानं 'हिरवा' लिहा. असे दहा-बारा शब्द झाले की तिला सांगा, 'शब्द वाचू नकोस, फक्त शाईचा रंग सांग. भराभरा सांग.' ती अडखळेल. तुम्हीही अडखळाल. मात्र वाचायला न शिकलेलं शेजारचं चार वर्षांचं पोर धडाधड रंग सांगून मोकळं होईल!

असं का होतं? कारण वाचन आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की 'वाचू नको' म्हटलं तरी डोळा वाचतोच. हा प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप ह्या अमेरिकन संशोधकानं १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. लक्ष एकाग्र कसं होतं, सवय कशी मोडते, म्हातारपणी मेंदूचा वेग कसा बदलतो, असे कितीतरी प्रश्न तपासायला तो आजही जगभर वापरतात. खर्च किती? एक वही आणि चार स्केचपेनं.

आपण बघतो कसं, लक्षात कसं ठेवतो, भाषा कशी शिकतो, निर्णय कसा घेतो, ह्या सगळ्याचा अभ्यास म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स. आपल्या क्रमिक पुस्तकांत ह्याला कुठं बोधात्मक, कुठं बोधनिक असे शब्द आहेत. ह्यात मानसशास्त्राबरोबर भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही येतं. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत भरलेल्या एका परिसंवादापासून ह्या विषयाचा जन्म मानतात. म्हणजे विषय तसा तरुणच आहे. आपल्यापैकी काहीजणींच्या सासूबाई त्याच्यापेक्षा थोरल्या असतील!

त्यात आपलं काय काम?

'हे सगळं परदेशातलं, मोठ्या प्रयोगशाळांतलं. आपण कुठं त्यात?' असं वाटलं असेल, तर थोडं थांबा.

२०१० मध्ये तीन मानसशास्त्रज्ञांचा एक लेख खूप गाजला. मानसशास्त्रातल्या अभ्यासांत ज्या माणसांना तपासलं जातं, त्यांतली ९६ टक्के माणसं अशा देशांतली असतात, जिथं जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते, ही गोष्ट त्यांनी पुढं आणली. त्यातही मोठा भाग तिकडच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचा. आणि निष्कर्ष मात्र 'माणसाचं मन असं असतं' म्हणून अख्ख्या जगाला लावायचे! म्हणजे जत, उमरगा, दर्यापूर, चोपडा इथल्या बाईचं मन कसं चालतं हे त्या पुस्तकांत जवळजवळ नाहीच. ते कोण लिहिणार? जिला ती बाई, तिची भाषा, तिचं घर माहीत आहे तीच ना?

आपल्या देशात असं काम झालेलंही आहे. दोन-चार उदाहरणं सांगते.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. त्यांत बहुतेक तिशीतल्या बायका होत्या. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या एमआरआय तपासण्या केल्या. अक्षरओळख झाल्यावर मेंदूच्या वरच्या भागातच नाही, तर अगदी आतल्या, जुन्या भागांच्या कामातही बदल दिसला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'ह्या वयात आता काय डोक्यात शिरणार', असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवायलाच हवं. तीही आपलीच बाराखडी, आणि आपल्यासारख्याच बायका!

दुसरं उदाहरण हैदराबादचं. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेत कधीच न गेलेल्या माणसांतही हा फरक होता. हा लेख २०१३ चा. पुढं सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही, म्हणून वाद चालू आहे. पण विचार करा. सोलापूरकडची बाई घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात तेलुगू, टीव्हीसमोर हिंदी अशी सहज फिरते. ह्या वादात तिच्याइतकी उपयोगी साक्ष कुणाची?

तिसरं उदाहरण मुलांचं. 'वाचताना अडखळतो, अक्षरं उलटी काढतो' अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्यांना तपासायचं तर चाचण्या इंग्रजीतल्या. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणी लावली तर तो नापासच होणार! हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये 'डाली' नावाचा चाचणीसंच आणला. भारतीय भाषांमधला डिस्लेक्सिया तपासण्यासाठी तो तयार केला आणि सुरुवातीच्या भाषांमध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही होती. असा संच तयार करायला शेकडो मराठी मुलांबरोबर बसावं लागतं. ते काम दिल्लीचा माणूस करू शकत नाही.

आणि आपल्या शेजारच्या गोव्यातलं. तिथल्या आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत मिळून २,७९६ रुग्णांवर 'मानस' नावाचा मोठा अभ्यास झाला. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करायला आरोग्य क्षेत्राचा अनुभव नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला उपयोग झाला. २०१० मध्ये लॅन्सेट ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तेव्हापासून साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन मानसिक आरोग्याचं काम करण्याच्या ह्या पद्धतीचा दाखला जगभर दिला जातो.

बघा, ह्या प्रत्येक ठिकाणी भाषा येणारं, घरात शिरून दोन शब्द बोलू शकणारं माणूस लागलंच. मानसशास्त्राची प्रश्नावली मराठीत आणायची तर एकजण भाषांतर करते, आणि मूळ न पाहिलेली दुसरी त्याचं पुन्हा इंग्रजी करते. मग दोन्ही ताडून बघतात. शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. आपल्याकडची बाई 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'जीव लागत नाही कशात', 'छातीत धडधडतं', 'डोक्यात नुसते विचार'. हे ज्याला कळतं तोच चांगली प्रश्नावली करणार. संशोधन प्रकल्पांत माहिती गोळा करणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या साहाय्यकांच्या जागा निघतात. माझ्या चार विद्यार्थिनींची सुरुवात अशाच कामापासून झाली.

शिकायचं कुठं?

पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९५० पासूनचा. तेव्हा त्याचं नावच प्रायोगिक मानसशास्त्र होतं आणि त्याच्या उभारणीत प्रा. वा. के. कोठूरकरांचं नाव घेतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची सुरुवात १९६२ ची. तिथल्या मानसशास्त्र संस्थेत बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी आणि आपल्या इतर विद्यापीठांतही हा विषय आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलं विज्ञान आणि गणित कसं शिकतात ह्यावर तिथं पीएच.डी. करता येते. धारावीतल्या मुलांना कामधंद्यातून येणारं गणित आणि शाळेतलं गणित, ह्यांवर तिथल्या संशोधकांनी काम केलेलं आहे.

खास कॉग्निटिव्ह सायन्स शिकायचं असेल तर थोडं लांब जायची तयारी हवी. अलाहाबाद विद्यापीठात त्याचं स्वतंत्र केंद्र २००२ मध्ये सुरू झालं. हैदराबाद विद्यापीठात केंद्र आहे, कानपूरच्या आयआयटीत स्वतंत्र विभाग आहे. गांधीनगर आणि दिल्लीच्या आयआयटीत ह्या विषयाची एम.एस्सी. आहे. गांधीनगरला तर कुठल्याही शाखेच्या पदवीधराचा विचार होतो. म्हणजे बी.ए. मराठी केलेली मुलगीसुद्धा आयआयटीत जाऊ शकते! हे सांगितलं की पालक माझ्याकडं संशयानं बघतात. पण खरं आहे.

आयआयटीतल्या काही संशोधन प्रवेशांसाठी गेट परीक्षा लागते. गेट म्हणजे फक्त इंजिनिअरांची, असं अजून लोक धरून चालतात. २०२१ पासून त्यात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांची प्रश्नपत्रिका आली आहे आणि त्यात मानसशास्त्र हा एक विभाग आहे.

घरबसल्या अंदाज घ्यायचा असेल तर केंद्र सरकारच्या स्वयम् ह्या व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे बोधात्मक मानसशास्त्रावरचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क. दुपारी भांडी आवरल्यावर एक तास, एवढं पुरतं. आपल्याला हा विषय झेपतो का, आवडतो का, हे आठ-बारा आठवड्यांत कळतं.

दूरस्थ शिक्षणाचं काय झालं?

आपल्या भागातल्या कितीतरी जणींनी संसार सांभाळून, इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं. ती सोय आता बंद झाली आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायचा नाही, असं यूजीसीनं ठरवलं. आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या कक्षेत हा विषय येतो म्हणून.

कारण समजण्यासारखं आहे. माणसांच्या मनाशी खेळ नको. पण त्याचा भार कुणावर पडला? जिच्या गावापासून मानसशास्त्राचं पदव्युत्तर कॉलेज साठ किलोमीटरवर आहे आणि घरी दोन लहान मुलं आहेत, तिच्यावर. हे बोलायलाच हवं. म्हणून दोन सूचना. ज्यांची पदवी ह्यापूर्वीच हातात आहे त्यांनी घाबरू नये, निर्णय नव्या प्रवेशांबद्दलचा आहे. आणि 'आमच्याकडं अजून ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी मिळेल' असं सांगून कुणी फी मागत असेल, तर आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर खात्री करा. मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या कष्टाच्या पैशाचा कागद चालायला हवा ना?

वय, टक्के आणि पैसे

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हा भाग कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.

यूजीसीची नेट परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांची असते. दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. ह्या परीक्षेत वरचे गुण मिळाले तर जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. वर नियमाप्रमाणे घरभाडं. शिकण्यासाठी सरकार एवढे पैसे देतं, हे आपल्याकडं घरात सांगितलं तर कुणाला पटत नाही!

पण तिला वयाची अट आहे. सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षं. बायकांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे ३५.

गेल्या वर्षी एका वाचक मैत्रिणीनं मला लिहिलं. वय ३६. एम.ए.ला ६४ टक्के. लग्न, मग दोन बाळंतपणं, मग सासऱ्यांचं आजारपण. धाकटी शाळेत जायला लागल्यावर तिनं पुस्तकं काढली, नेटचा फॉर्म भरायला बसली आणि तेव्हा तिला जेआरएफच्या वयाची अट कळली. एक वर्ष! ती लिहिते, 'मॅडम, माझ्या आयुष्यात पस्तीसाव्या वर्षी काही घडतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.' ते पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

तिला जे सांगितलं ते सगळ्यांसाठी सांगते. जेआरएफचं दार बंद झालं तरी घर बंद होत नाही. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेट द्यायला वयाची अट नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ सेट परीक्षा घेतं, तिलाही नाही. पीएच.डी.च्या प्रवेशालाही यूजीसीच्या नियमांत वयाची कमाल मर्यादा नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. ज्यांना जेआरएफ मिळालेली नाही त्यांच्यासाठी ७० टक्के भार ह्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. मात्र हे गुण एक वर्षच चालतात. नोकरी असेल तर अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं. पण पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन होत नाही. तशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

२०२२ च्या नियमांत बायकांसाठी दोन चांगल्या गोष्टी आहेत. एक, पीएच.डी. पूर्ण करायला नेहमीच्या मुदतीपेक्षा दोन वर्षं जास्त मिळू शकतात. दोन, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

शिष्यवृत्त्या आणखीही आहेत. पीएच.डी.साठी अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबी समाजाला सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना महाज्योती मदत करते. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले ह्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर आहे. विज्ञान शाखेच्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना आहे. प्रत्येकीच्या अटी आणि तारखा वेगळ्या. जाहिरात वाचायची, आणि नीट शेवटपर्यंत वाचायची.

परिषदेला जायचं म्हणजे?

संशोधन करणारी माणसं वर्षातून एकदा-दोनदा एकत्र जमतात. ह्यालाच परिषद किंवा कॉन्फरन्स म्हणतात. नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायकॉलॉजीचं अधिवेशन असतं, कॉग्निटिव्ह सायन्सवाल्यांची वार्षिक परिषद असते. होमी भाभा केंद्राची 'एपिस्टेम' नावाची आंतरराष्ट्रीय परिषद आहे, तिची सुरुवात २००४ मध्ये गोव्यातून झाली.

पद्धत सोपी आहे. आधी दोन-तीनशे शब्दांत आपल्या कामाचा गोषवारा पाठवायचा. प्रश्न काय, कुणाला विचारला, कसा विचारला, काय दिसलं. तज्ज्ञ वाचतात आणि कळवतात. मग कुणाला दहा-पंधरा मिनिटं बोलायला मिळतं, कुणाला पोस्टर. पोस्टरची मला फार आवड. साधारण ८४ सेंटिमीटर रुंद, ११९ सेंटिमीटर उंच असा कागद भिंतीला लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. येणारे-जाणारे थांबतात, विचारतात. स्टेजवर उभं राहून इंग्रजीत भाषण द्यायची भीती वाटत असेल तर सुरुवात पोस्टरनंच करा. समोर एकच माणूस असतो, आणि तोडक्यामोडक्या इंग्रजी-हिंदीत काम भागतं. छपाई आपल्या गावच्या फ्लेक्सवाल्याकडंही होते!

माझी एक विद्यार्थिनी, दोन मुलींची आई, तिसऱ्या प्रयत्नात तेहेतिसाव्या वर्षी जेआरएफ झाली. तिचा प्रश्न बचत गटातला आहे. शेकडा दोन रुपयांनी तीन महिन्यांचं व्याज बायका बसल्या जागी तोंडी सांगतात. मग तेच गणित बँकेच्या छापील कागदावर टक्क्यांत आलं की त्या का बिचकतात? प्रश्न तिला आईच्या गटात बसून सुचला. २०२५ मध्ये नेचर ह्या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्के आदींचा असाच अभ्यास आला आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं हिशोब तोंडी चोख करतात, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितात अडतात. आणि शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं. नोबेल मिळालेली माणसं जो प्रश्न विचारतात, त्याच जातीचा प्रश्न आमच्या तालुक्यातल्या पोरीला सुचला होता. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करतात.

पहिल्या परिषदेला जाताना तिच्यासोबत कोण जाणार ह्यावर घरी आठ दिवस चर्चा झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, 'मीच जाते.' त्या तीन दिवस वसतिगृहावर नातीला सांभाळत राहिल्या आणि शेवटच्या दिवशी पोस्टरपाशी येऊन उभ्या राहिल्या. एका प्राध्यापकांनी काही विचारलं तर सुनेच्या आधी ह्यांनीच व्याज काढून दाखवलं!

प्रत्येकीला अशा सासूबाई मिळत नाहीत, हे मलाही माहीत आहे. म्हणून घरी सांगताना 'मला शिकायचंय' एवढंच सांगू नका. तारखा, रक्कम, राहण्याची सोय, मुलांचं कोण बघणार, हे सगळं कागदावर मांडून सांगा. आपल्या घरांमध्ये स्वप्नाला नाही म्हणणं सोपं असतं, हिशोबाला नाही म्हणणं जरा अवघड जातं.

सावध राहा

ह्या क्षेत्रातही फसवणारे आहेत. 'आंतरराष्ट्रीय परिषद, दोन हजार रुपये भरा, प्रमाणपत्र घरपोच' असे संदेश येतात. 'तुमचा लेख चार दिवसांत छापू' म्हणणारी नियतकालिकंही पैसे घेतात. खऱ्या परिषदेत तुमचा गोषवारा कुणीतरी वाचतं, कधी नाकारतं, दुरुस्त्या सांगतं. नाकारलं जाण्याची शक्यता असेल तरच स्वीकारल्याला किंमत. चांगल्या नियतकालिकांची यूजीसीची 'केअर' नावाची यादी होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे 'आम्ही केअर यादीत आहोत' ह्या दाव्याला आता अर्थ नाही. शिवाय प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा विचारून घ्या. आणि पैसे भरण्याआधी आपल्या एखाद्या शिक्षकांना दाखवा.

अजून एक. तुम्ही संशोधक झालात की लोकांच्या दारात जाल. प्रश्न विचारण्याआधी कशासाठी विचारतोय हे सांगायचं, संमती घ्यायची, 'मधेच नको वाटलं तर थांबता येईल' हे स्पष्ट करायचं आणि नाव कुठं फोडायचं नाही. उद्या तुमच्या दारात कुणी प्रश्नावली घेऊन आलं, तर हेच हक्क तुमचेही आहेत.

आता उठा

सगळ्याजणींनी संशोधक व्हावं असं माझं म्हणणं नाही. वाट लांबची आहे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, बहुतेकींना पाच-सहा लागतात. नंतर नोकरी हमखास मिळेल असंही मी सांगणार नाही. पण वाट आहे हे ठाऊक असूनही नको म्हणणं वेगळं, आणि वाट आहे हे ठाऊकच नसणं वेगळं.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की एक कागद घ्या. त्यावर आपली जन्मतारीख लिहा, एम.ए.चे टक्के लिहा, आणि पस्तिसाव्या वाढदिवसाआधी नेटची किती सत्रं उरली ते मोजा. पस्तीस उलटली असेल तर सेटची पुढची तारीख लिहा. त्याखाली असा एक प्रश्न लिहा, जो तुम्हाला आपल्या घरात, गल्लीत, शाळेत रोज पडतो आणि ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. तो कागद फाडू नका.